जर्मनीत कायमचे राहायचे आहे? आधी महिने मोजा

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांच्या पत्रांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ब्लू कार्ड मिळाले आहे, आता ठरावीक वर्षांनी पीआर आपोआप मिळतो का? पीआर घेतला तर भारताचे नागरिकत्व जाते का? आणि एजंट भरमसाट फी मागतो आहे, देऊ का? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे: नाही.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनीशहरे आहेत. पुण्यातले अभियंते तर कित्येक वर्षे तिकडच्या कारखान्यांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करत आले आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यानंतर परिचारिका, इलेक्ट्रिशियन, हॉटेलांत काम करणारे तरुण यांच्या घरांतही जर्मनीचे नाव निघू लागले. जाण्याची माहिती सगळीकडे मिळते. तिथे पक्के राहण्याची माहिती मात्र अर्धवट, जुनी, कुणाच्या तरी मित्राच्या अनुभवावर आधारलेली असते. म्हणून हा लेख. तुम्ही जर्मनीत आधीच नोकरी करत असाल किंवा लवकरच जाणार असाल, तर तो तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. पुढे दिलेल्या अटी तुम्ही पूर्ण केल्या, तर कायद्याच्या भाषेत पीआरचा परवाना 'द्यावाच लागतो'. तुम्ही कुणाकडे मेहेरबानी मागत नाही. पण आपल्या अटी पूर्ण झाल्या आहेत हे दाखवण्याची जबाबदारी मात्र संपूर्ण तुमची आहे.

पीआरने नेमके काय मिळते

आपण ज्याला पीआर म्हणतो त्याचे जर्मन नाव नीडरलासुंग्सएरलाउबनिस. तो मिळाला की राहण्याला मुदत उरत नाही. नोकरी कोणतीही करता येते, कितीही वेळा बदलता येते, स्वतःचा व्यवसाय काढता येतो. नोकरी गेली तरी देश सोडावा लागेल ही भीती राहत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. ब्लू कार्डावर असताना नोकरी सुटली की परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावे लागते आणि नवी नोकरी शोधायला साधारण तीन महिनेच मिळतात. घरात लहान मूल आहे, घराचे भाडे चालू आहे, अशा वेळी ते तीन महिने फार लवकर संपतात.

पीआरने मतदानाचा हक्क मिळत नाही. फ्रान्स किंवा नेदरलँड्समध्ये जाऊन राहता येत नाही. तिकडे पाहुणे म्हणून १८० दिवसांत ९० दिवस जाता येते, तेवढेच.

भारताचे नागरिकत्व अबाधित राहते. पासपोर्ट भारतीयच राहतो. गावच्या जमिनीची काळजी करणारेही बरेच असतात. सातबाऱ्यावर तुमचे नाव आधीपासून असेल किंवा वारशाने येणार असेल, तर पीआरमुळे त्यात काही बदलत नाही. अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण ते बंधन परदेशात राहायला गेल्यामुळे येते. पीआरशी त्याचा संबंध नाही.

कार्डावर छापलेली तारीख पाहून बरेच जण घाबरतात. कार्डाची मुदत तुमच्या पासपोर्टाशी बांधलेली असते आणि जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. मुदत संपते ती प्लास्टिकच्या कार्डाची. तुमचा हक्क संपत नाही. पासपोर्ट नवा झाला की कार्डही नवे करून घ्या.

तुमचा रस्ता कोणता

तुमच्या हातात आत्ता कोणता परवाना आहे, यावर सगळे ठरते. कार्ड काढा, त्यावर लिहिलेले कलम वाचा आणि पुढच्या यादीत स्वतःला शोधा.

- ब्लू कार्ड: २७ महिन्यांची नोकरी, तितक्याच महिन्यांची पेन्शन वर्गणी आणि जर्मनची ए१ पातळी. बी१ पातळी असेल तर २१ महिने पुरतात.
- पदवी किंवा व्यावसायिक प्रशिक्षणावर मिळालेला कुशल कामगाराचा परवाना: तीन वर्षे, ३६ महिन्यांची वर्गणी, बी१. नोव्हेंबर २०२३ पूर्वी ही अट चार वर्षांची होती. अजूनही पुष्कळ ठिकाणी 'चार वर्षे' असेच लिहिलेले आढळते. ते जुने आहे.
- जर्मनीतच पदवी किंवा व्यावसायिक प्रशिक्षण पूर्ण केलेले: नोकरीच्या परवान्यावर दोन वर्षे, २४ महिन्यांची वर्गणी, बी१. शिक्षणाची वर्षे यात धरत नाहीत, नोकरी शोधण्यासाठी मिळालेला काळही धरत नाहीत. जर्मनीत एमएस करून ब्लू कार्ड घेतले असेल तर बी१सह २१ महिन्यांचा रस्ता तुम्हाला आधी पोचवतो.
- जोडीदार: याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.
- बाकी सगळे: पाच वर्षांचे वास्तव्य, ६० महिन्यांची वर्गणी, बी१.

याखेरीज काही अटी सर्वांना सारख्या आहेत. कुटुंबाचा खर्च स्वतःच्या उत्पन्नातून भागला पाहिजे, राहायला पुरेशी जागा हवी, गंभीर गुन्हा नसावा, आणि जर्मनीच्या कायद्याची व समाजव्यवस्थेची तोंडओळख असल्याचे दाखवता आले पाहिजे. जागेचा अंदाज असा: सहा वर्षांवरील प्रत्येक माणसामागे १२ चौरस मीटर आणि लहान मुलामागे १० चौरस मीटर.

मुलांसाठी मिळणारा किंडरगेल्ड आणि बाळंतपणानंतरचा एल्टर्नगेल्ड घेतल्याने 'सरकारी मदतीवर जगता' असा अर्थ होत नाही. ते तुमचे हक्काचे पैसे आहेत, बिनदिक्कत घ्या. बेकारी विम्याचा भत्ता हाही वर्गणीतून आलेला असतो. अडचण येते ती गरजूंना मिळणाऱ्या मूलभूत निर्वाह भत्त्यावर कुटुंब चालत असेल तर.

महिने मोजताना चूक होते ती इथे

बहुतेक जण जर्मनीत उतरल्याच्या तारखेपासून मोजायला लागतात. कार्यालय मात्र दोन वेगळ्या गोष्टी मोजते: योग्य परवान्यावरचा काळ आणि पेन्शनची वर्गणी भरलेले महिने. दोन्ही जुळले पाहिजेत.

आधी दिलासा देणारी गोष्ट. भारतातून नोकरीसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊन तुम्ही आलात आणि कार्ड हातात पडायला दोन-तीन महिने गेले, तर त्या व्हिसावरचा काळही धरला जातो. कार्डावरच्या तारखेपासून मोजून स्वतःचे नुकसान करून घेऊ नका. दोन नोकऱ्यांमध्ये रिकामे गेलेले महिने मात्र ब्लू कार्डाच्या २७ किंवा २१ महिन्यांत येत नाहीत.

आता ज्यामुळे अनेकांची वर्षे वाया जातात ती गोष्ट. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतून पुष्कळ जण डेप्युटेशनवर जर्मनीत जातात. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्या करारानुसार कंपनीने भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून प्रमाणपत्र घेतले, तर कर्मचाऱ्याला ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनची वर्गणी भरावी लागत नाही. त्याचा पीएफ भारतातच चालू राहतो. पगारातून कपात होत नाही म्हणून तेव्हा बरे वाटते. पण पीआरसाठी लागणारे वर्गणीचे महिने त्या काळात शून्य राहतात. शिवाय कंपनीअंतर्गत बदलीचा आयसीटी परवाना हा वर सांगितलेल्या तीन वर्षांच्या रस्त्यात बसत नाही. तीन वर्षे जर्मनीत राहूनही घड्याळ सुरूच झालेले नाही, हे अर्ज करताना कळावे याचे फार वाईट वाटते. तुम्ही डेप्युटेशनवर असाल आणि तिथेच राहायचे मनात असेल, तर स्थानिक जर्मन करारावर जाण्याची बोलणी आजच सुरू करा. ब्लू कार्डाचा पहिला महिना त्या करारापासून मोजला जाईल.

आपल्या पगाराच्या पावतीवर पेन्शन विम्याची कपात दिसते का ते बघा. एकूण वर्गणी पगाराच्या १८.६ टक्के असते; निम्मी तुमची, निम्मी कंपनीची. विद्यार्थी असताना 'वेर्कस्टुडेंट' म्हणून केलेल्या नोकरीतही ही कपात होते आणि ते महिने तुमच्या खात्यावर जमा असतात. छोट्या मिनीजॉबमध्ये वर्गणीतून सूट मागण्याचा एक अर्ज असतो; काही तरुण पाच-पंचवीस युरो वाचवण्यासाठी त्यावर सही करतात. करू नका.

महिन्यांचा अधिकृत पुरावा म्हणजे पेन्शन विमा संस्थेचा, डॉइचे रेंटेनफरझिशरुंगचा, खातेउतारा. जर्मनमध्ये त्याला फरझिशरुंग्सफरलाउफ म्हणतात. संस्थेच्या संकेतस्थळावर मागणी नोंदवली की तो टपालाने घरी येतो, फुकट. अर्जाच्या निदान चार महिने आधी मागवा आणि ओळ न् ओळ तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या नावावर कधी कधी दोन विमा क्रमांक निघतात आणि महिने दोन खात्यांत विभागले जातात. मुलांच्या संगोपनासाठी प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंतचा काळ आई किंवा वडिलांच्या खात्यात धरला जातो, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. या दुरुस्त्या व्हायला वेळ लागतो, म्हणून ही घाई.

भाषा आणि तेहतीस प्रश्न

ए१वर २७ महिने, बी१वर २१. हा सहा महिन्यांचा फरक आहे. तरीही माझा आग्रह बी१चाच राहील, कारण पुढे नागरिकत्वासाठीही हीच पातळी लागते आणि पालकसभेत, दवाखान्यात, घरमालकाशी बोलताना ए१ पुरत नाही. जर्मनीत गेल्यावर नोकरी सांभाळून संध्याकाळचा वर्ग लावणे जड जाते. निघण्यापूर्वी पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात ए२पर्यंत पोचला असाल, तर पुढचे काम पुष्कळ हलके होईल.

प्रमाणपत्र मान्यताप्राप्त परीक्षेचेच लागते: गोएथे इन्स्टिट्यूट, टेल्क, ओएसडी किंवा स्थलांतरितांसाठीची जर्मन परीक्षा. मोबाइल ॲपवर पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमाचे किंवा खासगी क्लासने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेले प्रमाणपत्र चालत नाही. मूळ प्रत जपून ठेवा.

दुसरी परीक्षा 'लेबेन इन डॉइचलांड'. ६० मिनिटे, ३३ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. पीआरसाठी १५ उत्तरे बरोबर यावी लागतात. नागरिकत्वासाठी १७ लागतात आणि प्रश्नपत्रिका तीच असते, म्हणून १७चे लक्ष्य ठेवून एकाच खेपेत दोन्ही कामे उरका. एकूण ३१० प्रश्नांचा संच जाहीर आहे: ३०० सगळ्या देशासाठी, १० तुमच्या राज्याचे. मन लावून दोन आठवडे अभ्यास केला तर नापास होण्याचे कारण नाही. परीक्षा बहुधा गावातल्या फोल्कसहोखशूलमध्ये होते. तिथल्या जागा लवकर भरतात आणि निकाल हाती यायला आठवडे लागतात. पीआरचा अर्ज रखडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. ब्लू कार्डधारकांनाही ही तोंडओळख दाखवावी लागते, हे ध्यानात ठेवा.

कागदपत्रे

प्रत्येक शहराची यादी थोडी निराळी असते. तुमच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरची यादी अंतिम समजा. सर्वसाधारणपणे हे लागते:

- पासपोर्ट आणि सध्याचे कार्ड
- नोकरीचा करार, अलीकडच्या पगाराच्या पावत्या आणि नोकरी चालू असल्याचे कंपनीचे ताजे पत्र
- पेन्शनचा खातेउतारा
- आरोग्यविम्याचे प्रमाणपत्र
- घराचा भाडेकरार आणि पत्ता नोंदवल्याचा दाखला
- भाषेचे प्रमाणपत्र आणि 'लेबेन इन डॉइचलांड'चा निकाल
- पदवी आणि ती जर्मनीत मान्य असल्याचा पुरावा
- विवाह व जन्माचे दाखले, शपथबद्ध अनुवादकाकडून केलेल्या जर्मन अनुवादासह

मे २०२५ पासून कागदी फोटो चालत नाहीत. फोटो कार्यालयातल्या यंत्रावर काढतात, नाहीतर मान्यताप्राप्त स्टुडिओत काढून तो सुरक्षित मार्गाने कार्यालयाकडे पाठवला जातो. शुल्क बहुतेकांना ११३ युरो पडते.

आरोग्यविम्याकडे खास लक्ष द्या. सरकारी विमा असेल तर प्रश्न नाही. खासगी असेल तर त्याचे संरक्षण सरकारी विम्याच्या तोडीचे आहे असे कंपनीचे पत्र लागते. परदेशातून नव्याने आलेल्यांसाठी असलेला स्वस्तातला तात्पुरता विमा इथे नाकारला जातो.

आपल्याकडच्या नावांची गुंतागुंत जर्मन कारकुनाला उलगडत नाही. पासपोर्टावर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकाच रकान्यात असते, पगारपत्रकावर मधले नाव गायब असते, भाषेच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव असते. परीक्षेचा अर्ज भरताना, बँकेत, विमा कंपनीत, सगळीकडे पासपोर्टावर जसे आहे तसेच नाव अक्षरशः लिहा. नाव बदलले असेल तर विवाह दाखल्याचा अनुवाद पहिल्याच फायलीत जोडा. मागितल्यावर देऊ म्हणून थांबू नका.

अर्ज कधी आणि कसा

अर्ज तुम्ही राहता त्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात करायचा. पुष्कळ शहरांत तो आता ऑनलाइन भरता येतो. काही ठिकाणी आधी ईमेल करून भेटीची वेळ मागावी लागते. महिने पूर्ण होण्याच्या दोन-तीन महिने आधी चौकशी करा. मोठ्या शहरांत वेळ मिळायलाच तितके दिवस जातात.

सध्याच्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज कार्यालयात पोचला पाहिजे. तसे झाले तर निर्णय होईपर्यंत तुमचा जुना परवाना कायद्याने चालू राहतो आणि त्याचा पुरावा म्हणून 'फिक्टसिओन्सबेशायनिगुंग' नावाचा कागद मिळतो. तो घेताना त्यावर कलम ८१, उपकलम ४ वर खूण आहे ना ते बघा. ती असेल तर नोकरी चालू ठेवता येते आणि भारतात जाऊन परतही येता येते. दुसऱ्या उपकलमावर खूण असेल तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी कार्यालयाला लेखी विचारा. ऑनलाइन अर्ज केल्यावर आलेली पोच छापून ठेवा. पुढे वाद झाला तर तीच तुमची तारीख सिद्ध करते.

अर्जाच्या तोंडावर दोन गोष्टी टाळता आल्या तर टाळा. पहिली म्हणजे नोकरी बदलणे. नव्या नोकरीत पहिले सहा महिने बहुधा चाचणीचे असतात आणि बहुतेक कार्यालयांना चाचणीकाळ उलटलेला कायम करार पाहायचा असतो. दुसरी म्हणजे शहर बदलणे. तुम्ही दुसऱ्या शहरात पत्ता नोंदवला की तुमची फाइल तिकडच्या कार्यालयात जाते आणि रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बढतीची संधी आली तर ती सोडा असे मी म्हणणार नाही, पण दोन महिन्यांनी रुजू होता येईल का एवढे विचारून पाहा.

जोडीदाराचा स्वतःचा हक्क

'नवऱ्याला पीआर मिळाला म्हणजे मलाही मिळाला' असे समजून बसलेल्या अनेक जणी आहेत. तसे होत नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, परवाना वेगळा. आणि याच्या उलट, 'मी घरी असते, माझी पेन्शन वर्गणी नाही, म्हणून मला मिळणारच नाही' हेही खरे नाही.

ज्याच्या आधारावर तुम्ही आला आहात त्या जोडीदाराला कुशल कामगार किंवा ब्लू कार्डाच्या रस्त्याने पीआर मिळाला असेल, तर तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर तुम्ही अर्ज करू शकता. अट अशी की तुम्ही आठवड्याला निदान २० तास काम करत असावे आणि जर्मन बी१ असावी. काम करत नसाल तर पाच वर्षांनंतरचा रस्ता मोकळा आहे, आणि तिथे पेन्शन वर्गणीची अट पती-पत्नींपैकी एकाने पूर्ण केली तरी पुरते. म्हणजे घर सांभाळणाऱ्या स्त्रीला तिथे अडवणारी गोष्ट बहुधा एकच असते: बी१चे प्रमाणपत्र. मुले लहान आहेत म्हणून भाषेचा वर्ग पुढे ढकलू नका. पाळणाघराची सोय होईपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी का होईना, घरातल्या दुसऱ्या माणसाने मुलांना सांभाळावे. ते त्याचेही काम आहे.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो याचे कारण आहे. जोडीदाराच्या आधारावरचा परवाना लग्नावर टेकलेला असतो. संसार मोडला तर जर्मनीत निदान तीन वर्षे एकत्र राहिल्यावर स्वतंत्र राहण्याचा हक्क मिळतो. घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर ही तीन वर्षांची अट शिथिल करता येते. सहन करत दिवस मोजत बसण्याची गरज नाही. अशा स्त्रियांसाठी ११६०१६ हा दूरध्वनी चोवीस तास चालू असतो, फुकट असतो, आणि तिथे अनेक भाषांत मदत मिळते. नाव सांगावे लागत नाही.

कार्यालय उत्तर देत नाही, किंवा नाही म्हणते तेव्हा

पूर्ण अर्ज देऊन तीन महिने उलटले आणि सबळ कारण न देता निर्णय झाला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात जाण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. लगेच न्यायालय गाठायला नको. आधी एक लेखी स्मरणपत्र पाठवा: अर्जाची तारीख, फाइल क्रमांक, सर्व कागद दिल्याचा उल्लेख, आणि उत्तरासाठी दोन-तीन आठवड्यांची मुदत. पुष्कळदा एवढ्यानेच फाइल हलते. त्यानेही नाही झाले तर स्थलांतर कायद्याच्या वकिलाला भेटा आणि न्यायालयाच्या खर्चाचा अंदाज आधीच विचारून घ्या.

नकार आला तर पत्राचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा. कुठे आणि किती दिवसांत दाद मागायची हे तिथे लिहिलेले असते. मुदत सहसा एक महिना असते. काही राज्यांत आधी कार्यालयाकडेच हरकत नोंदवावी लागते, काही राज्यांत थेट न्यायालयात जावे लागते. त्या महिन्यात फक्त फोनवर बोलत राहिलात तर हक्क हातचा जातो, लेखीच द्या.

सल्ला हवा असेल तर कारितास, डियाकोनी, आवो यांसारख्या संस्थांमध्ये प्रौढ स्थलांतरितांसाठी सरकारी खर्चाने चालणारी सल्ला केंद्रे आहेत. सेवा विनामूल्य आहे. एजंटांबद्दल स्पष्ट सांगतो: या अर्जात एजंटाने करावे असे काहीही नाही. फॉर्म तुम्हालाच भरायचा आहे, परीक्षा तुम्हालाच द्यायची आहे, कार्यालयातली भेटीची वेळ फुकट मिळते. जो ती वेळ विकतो किंवा 'आत ओळख आहे' म्हणतो, त्याच्यापासून दूर राहा. प्रकरण खरोखरच गुंतागुंतीचे असेल, उदाहरणार्थ परवान्यात खंड पडला आहे किंवा एखादा गुन्हा नोंदला गेला आहे, तर पैसे वकिलावर खर्च करा.

मिळाल्यावर गमावू नका

पीआरला मुदत नसली तरी तो रद्द होऊ शकतो. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलात तर तो आपोआप संपतो. कुणी नोटीस पाठवत नाही. कायमचे राहण्याच्या इराद्याने देश सोडला तर सहा महिन्यांचीही वाट पाहिली जात नाही.

इथे एक खड्डा आहे जो फार थोड्यांना माहीत असतो. ब्लू कार्डावर असताना ही मर्यादा बारा महिन्यांची असते. पीआर घेतला की ती सहावर येते. म्हणजे 'आधी वर्षभर भारतात राहिलो तेव्हा काही झाले नाही' या भरवशावर दुसऱ्यांदा गेलेला माणूस परवाना गमावून बसतो.

आईवडिलांचे आजारपण हे आपल्या माणसांच्या बाबतीत सर्वांत सामान्य कारण असते. अशा वेळी निघण्यापूर्वी कार्यालयाला अर्ज करून सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदत मागता येते. डॉक्टरांचे पत्र जोडा, परत येण्याची अंदाजे तारीख लिहा, मंजुरी लेखी घ्या. घाईने निघावे लागले असेल तर सहा महिने संपण्याआधी भारतातून अर्ज पाठवा. मुदत उलटल्यावर केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही.

भारतात वरचेवर आणि दीर्घकाळ राहावे लागेल असे दिसत असेल, तर पाच वर्षे पूर्ण झाल्यावर युरोपीय संघाच्या दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना, म्हणजे डाउअरआउफएंटहाल्ट-ईयू, मागण्याचा विचार करा. त्यात संघाबाहेर सलग बारा महिने राहता येते आणि पूर्वी ब्लू कार्डावर असलेल्यांना चोवीस महिने. दुसऱ्या युरोपीय देशात नोकरीसाठी जाणेही त्यामुळे सोपे होते. अटी बऱ्याचशा त्याच आहेत, पण बी१ आणि साठ महिन्यांची वर्गणी लागते.

येणारे मूल, मागे राहिलेले आईवडील

बाळाची चाहूल लागली असेल तर तारखा नीट पाहा. जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचे जर्मनीत पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य झालेले असेल आणि त्याच्याकडे पीआर असेल, तर ते मूल जन्मतःच जर्मन नागरिक होते. जून २०२४ पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. पीआर जन्मानंतर आठवड्याने मिळाला तर हा नियम लागू होत नाही, म्हणून पाच वर्षे झाली असतील तर अर्ज लांबवू नका. कार्यालयाला प्रसूतीची अपेक्षित तारीख कळवून घाईची विनंती करा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे अशा मुलासाठी पुढे ओसीआय कार्ड काढावे लागते. हा निर्णय घरात बसून, शांतपणे, आजीआजोबांनाही सांगून घ्या.

आईवडिलांना कायमचे बोलावता येईल का? मार्च २०२४ पासून एक मार्ग उघडला आहे. ज्यांना ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर प्रथमच मिळाला, त्यांच्या आईवडिलांना आणि जोडीदार जर्मनीत कायम राहत असेल तर सासूसासऱ्यांनाही सोबत राहण्याचा परवाना मिळू शकतो. त्याआधीपासून परवाना असलेल्यांना तो लागू नाही. कागदावर हे सोपे दिसते; प्रत्यक्षात सगळे अडते आरोग्यविम्यावर. साठी-सत्तरीच्या माणसाला सरकारी विम्यात सहसा घेत नाहीत, खासगी कंपन्या महिन्याला मोठा हप्ता मागतात किंवा आधीच्या मधुमेह-रक्तदाबामुळे नकार देतात. प्रवासाचा तात्पुरता विमा इथे चालत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी दोन-तीन विमा कंपन्यांकडून आईवडिलांच्या वयासह आणि आजारांसह लेखी होकार व हप्त्याचा आकडा घ्या, तो दरमहा वर्षानुवर्षे झेपेल का ते बघा, आणि मगच त्यांना व्हिसासाठी वेळ घ्यायला सांगा.